झोन दोनमधली माळ

फ्लेव्हियनचं पामेलाशी लग्न ठरतच आलेलं, एवढ्यात तिच्या आईच्या, म्हणजे लुसी आंटींच्या कानावर आलं की हा मुलगा रोज पहाटे पळता पळता माळ जपतो.

"अगं, याला देवाचं बोलावणं आलंय," त्या पामेलाला म्हणाल्या. "हा फादर होणार. देवाचा माणूस पळवून मी वर काय तोंड दाखवू?"

खरा प्रकार वेगळाच होता. फ्लेव्हियन हाफ मॅरेथॉनची तयारी करत होता आणि त्याचं घड्याळ चळलेलं. पट्टा सैल, त्यामुळे ते पावलं मोजायचं आणि हृदयाचे ठोके म्हणून दाखवायचं. त्याच्या हिशेबाने फ्लेव्हियन गेल्या मंगळवारीच वारलेला. कोच राजरत्न म्हणाला, "घड्याळ सोड. पळताना अख्खं वाक्य बोलता आलं तर झोन दोन, म्हणजे आरामाचा वेग. दोन-दोनच शब्द निघाले तर जोर जास्त, आणि शब्दच फुटेना तर झोन पाच."

पण एकट्याने बोलायचं काय? फ्लेव्हियनला अख्खी पाठ असलेली वाक्यं 'नमो मरिया'चीच, माळेवर जपतात त्या मरियामातेच्या प्रार्थनेची. न धापता म्हणता आली की झोन दोन. घोडबंदर रोडच्या टॉवरांमागच्या त्याच्या गावठाणात म्हाताऱ्या त्याला बघून खिडकीतून क्रूसाची खूण करू लागल्या.

"आंटी, देवाशप्पथ, मला देवाने बोलावलेलं नाही!"

"बघ, शप्पथसुद्धा कोणाची घेतोय!"

शेवटी रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर, बोलावणं खरं की खोटं याची परीक्षा ठरली. फ्लेव्हियन पळणार, आंटी पामेलाच्या स्कूटरवर मागे बसून ऐकणार. ट्रॅफिक असं तुंबलेलं की फ्लेव्हियनला दोनदा मागे येऊन त्यांची वाट बघावी लागली. सपाटीवर प्रार्थना सुरेख चाललेली. आंटींचे डोळे भरून आले.

"सेमिनरीत फोन लाव, फादर घडवतात तिथे," त्या म्हणाल्या.

पामेला हादरली. समोर उड्डाणपुलाचा चढ होता. तिने स्कूटर पिळली आणि ओरडली, "फ्लेव्ही, सोड तो झोन! पाचव्यात जा रे, पाचव्यात!"

फ्लेव्हियन सुटला. "नमो... म... कृ... आई गंऽऽ!"

"कुठली आई?" आंटींनी आशेने विचारलं.

"माझी... घरची... बोंबील... तळणारी."

तो पुलावर आडवा झाला. आंटी स्कूटरवरून उतरल्या. मग त्यांनी मान हलवली.

"नाही चालायचा. आमेनपर्यंत दमच पुरत नाही. याच्या मिस्साला लोकं अर्ध्यातून घरी जातील."

"मग गं, मम्मी?"

"मग काय, घेऊ घरात. नवऱ्याला कुठे बोलावं लागतं?"