दोन सह्या

चोर घरात शिरले ते भर दुपारी. अंगात कणकण होती म्हणून ती त्या दिवशी चष्म्याच्या दुकानात कामाला गेली नव्हती, आणि सासूबाई बहिणीकडे गेल्या होत्या. दाराचं कुलूप उचकटल्याचा आवाज आला तशी ती मोबाईल उचलून बाथरूममध्ये शिरली, आतून कडी लावली आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसली. बाहेर दोघं होते. सामान हलवायला आलेले हमाल बोलतात तसे अगदी निवांत बोलत होते. तिने नवऱ्याला अकरा वेळा फोन लावला. अकराही वेळा वाजून वाजून बंद झाला. मग तिने पोलिसांना लावला.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्या वेळी तो एका नऊ मजली इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा होता आणि फोन खाली पिशवीत होता. तो घरी पोचला तेव्हा पोलीस पंचनामा उरकत होते. लॅपटॉप गेला, बांगड्या गेल्या. तिला कुणी बोटही लावलं नव्हतं.

"अकरा फोन," तो म्हणाला.

आठवड्याभरात ती दुकानात रुजू झाली. लोकांच्या नाकावर चष्मे बसवताना सुरुवातीला हात थरथरायचे, मग तेही थांबलं. त्याची मात्र झोप उडाली ती उडालीच. जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं तरी तो उठून बसायचा. पलंगाखाली त्याने कामावरचा हातभर लांब लोखंडी पाना आणून ठेवला होता.

एकदा जेवताना तो म्हणाला, "आपण बंदूक घेऊ या."

सासूबाईंना कमी ऐकू यायचं. "संदूक कशाला?" त्या म्हणाल्या. "त्यात ठेवायला घरात काही उरलंय का?"

तिघंही हसले. पण तो दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन बंदुकांच्या दुकानात गेला. दुकानदार जाडजूड, हसतमुख माणूस होता. त्याने काचेखालचं एक पिस्तूल काढून दाखवलं, पण हातात दिलं नाही.

"आधी परवाना आणा साहेब. प्रशिक्षण, डॉक्टरचा दाखला, भिंतीत बोल्टने आवळलेलं पोलादी कपाट. आणि घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाची सही. त्यांना ठाण्यावर एकेकटं बोलावून विचारतात. एकाने जरी नाही म्हटलं तर वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही. यापेक्षा लग्न जमवणं सोपं!"

"सह्यांचं काय, घरचीच माणसं आहेत," तो म्हणाला.

पुढचे दोन महिने तो या एकाच कामाला लागला. चार रविवार जाऊन प्रशिक्षण पुरं केलं. कपाट आणून झोपायच्या खोलीत बसवलं, तेही लेव्हल लावून, केसभर इकडेतिकडे न होता. दाखल्यासाठी डॉक्टरकडे गेला तेव्हा ती शेजारी बसली होती. डॉक्टरने विचारलं, "झोप लागते ना व्यवस्थित?"

"लागते की," तो म्हणाला.

ती खाली मान घालून गप्प बसली.

ठाण्यावरचं बोलावणं यायच्या आठवडाभर आधीची गोष्ट. सकाळचे सहा वाजले असतील. सासूबाई उठून बाल्कनीचं दार उघडून उभ्या राहिल्या होत्या. कानातलं यंत्र अजून लावलं नव्हतं. दाराचा आवाज झाला तसा तो पलंगावरून उठला. कुणाला हाक नाही, दिवा नाही. पाना हातात घेऊन तो अनवाणी बाहेर गेला. ती धडपडत मागोमाग दारापर्यंत गेली. सासूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि पाना त्यांच्या डोक्याच्या वर उचललेला होता.

"अरे, आई आहे!" ती किंचाळली.

तो थबकला. सासूबाईंना किंकाळी ऐकू आली की काय कोण जाणे, पण त्या वळल्या. त्यांनी मुलाकडे, मग पान्याकडे पाहिलं.

"एवढ्या सकाळी कुणाची लिफ्ट अडकली?" त्या म्हणाल्या.

तो हसला. हात मात्र खाली येईना. शेवटी बायकोनेच एकेक बोट सोडवून पाना काढून घेतला. त्यानंतर घरात कुणीही त्याबद्दल ब्र काढला नाही. सासूबाईंनी तर चहा टाकायला सांगून विषयच संपवला.

ठाण्यावर अधिकारीबाईंनी आधी तिला आत घेतलं. बाईंचा चष्मा सारखा घसरत होता. एरवी तिने चटकन दांडी आवळून दिली असती.

"तुमचं उत्तर इथेच राहील," बाई म्हणाल्या. "पत्रात कुणाचं नाव येत नाही. तुम्हाला मारहाण, धमक्या असलं काही?"

"छे हो! फार चांगला माणूस आहे."

"मग घरात बंदूक आली तर बरं वाटेल?"

फॉर्म समोर होता, पेन वर ठेवलेलं. बाहेर बाकावर तो वाट पाहत होता. बंदूक तो तिच्याचसाठी घेत होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मला चोरांची भीती वाटते," ती म्हणाली. "अजून वाटते. पण चोर एकदाच आले. तो रोज उठतो."

मग तिने बाल्कनीची हकिकत सांगितली. डॉक्टरचीही सांगितली. पेन तिने उचललंच नाही.

नंतर सासूबाई आत गेल्या आणि पाच मिनिटांत बाहेर आल्या. "काय ओरडून बोलते ती बाई! मी काय बहिरी आहे?"

"झालं ना?" त्याने विचारलं.

"झालं," दोघी एकदमच म्हणाल्या.

दहा दिवस तिने जीव मुठीत धरून काढले. सासूबाईंनी तर डोळे झाकून सही केली असणार, एकुलता एक लेक तो! म्हणजे नाही म्हणणारी ती एकटीच.

पत्र शनिवारी आलं. त्याने दारातच उभ्याउभ्या वाचलं. नामंजूर. घरातील सज्ञान व्यक्तींची संमती मिळाली नाही. त्याने कागद टेबलावर ठेवला.

"कोण?" त्याने शांतपणे विचारलं. तो शांत होता याचीच तिला जास्त भीती वाटली.

"मी," ती म्हणाली.

"तू?" त्याने टेबलावर अशी थाप मारली की पाण्याचा पेला खाली जाऊन फुटला. लग्नाच्या बारा वर्षांत त्याचा आवाज असा कधी चढला नव्हता. "तिथे आत कडी लावून तू बसली होतीस! मी तुझ्यासाठी मरमर करतोय, आणि तू परक्या बाईसमोर मला वेड्यात काढलंस?"

ती भिंतीला चिकटली होती. तरी बोलली.

"तुझ्या हाताखालचा माणूस न झोपता कामावर आला, तर तू त्याला लिफ्टच्या टपावर चढू देतोस?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"देतोस का?"

"नाही. घरी पाठवतो."

"तू तीन महिने झोपला नाहीस. डॉक्टरला खोटं सांगितलंस आणि मी ऐकत बसले."

"तिला एकटीला काय बोलतोस?" आतल्या खोलीच्या दारातून सासूबाई म्हणाल्या. "मीही नाहीच म्हटलंय."

दोघंही वळून बघत राहिले.

"आई, तू?"

"मला ऐकू कमी येतं रे. दिसतं चांगलं." त्यांनी दाराची चौकट धरली. "त्या सकाळी मी वळले तेव्हा तुझा चेहरा पाहिला. तू मला ओळखलं नव्हतंस."

तो तसाच काचांवरून दाराकडे गेला आणि बाहेर पडला. ती मागे धावणार होती, पण सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे. येईल." आणि त्या स्वतः खुर्ची ओढून बसल्या. दोघींनी मिळून काचा गोळा केल्या. ठाण्यावर काय सांगितलं, का सांगितलं, हे दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही.

दीड तासाने तो परत आला. उंबऱ्याशीच खाली बसला. तळपायाला काच लागली होती, त्याचं त्याला भानच नव्हतं.

"पाना जड असतो," तो म्हणाला. "खाली आणायला वेळ लागतो. म्हणून तुझी हाक ऐकू आली."

ती शेजारी बसली आणि त्याचा पाय मांडीवर घेऊन काच काढू लागली. तो रडत होता, बऱ्याच दिवसांचं साचलेलं.

सोमवारी तो पुन्हा डॉक्टरकडे गेला आणि खरं ते सांगितलं. झोप एकदम आली नाही. औषधं बदलावी लागली, दर आठवड्याला समुपदेशन करणाऱ्या एका बाईंशी जाऊन बोलावं लागलं, आणि तिथून परतला की तो तासभर चिडलेला असायचा. दाराला त्याने स्वतःच्या हाताने नवं, तीन कड्यांचं कुलूप बसवलं. वर्ष उलटलं, पुन्हा अर्ज करायची मुदत सुरू झाली. त्याने विषय काढला नाही. काढला तर आपण काय म्हणू, हे तिलाही अजून ठरवता आलेलं नाही.

आवाज झाला की तो अजून जागा होतो. पण आता पडल्या जागेवरून मोठ्याने "कोण?" म्हणतो, आणि उत्तर आल्याशिवाय पाय जमिनीवर ठेवत नाही. त्यासाठी सासूबाई कानातलं यंत्र लावूनच झोपतात. कान दुखतो म्हणून रोज सकाळी कुरकुर करतात, आणि रात्री पुन्हा ते काढत नाहीत.