चहा आणि टोस्ट

"चहा आणि टोस्ट?" क्लाइव्ह ब्रियरलीने चष्म्याच्या वरून आयव्हीकडे बघत विचारलं. "एकशे वीस किलोचा गडी, आणि दोन्ही वेळेला चहा-टोस्ट?"

"तसंच लिहून दिलंय आम्ही," आमच्या क्लबचा अध्यक्ष डेस्मंड क्रॉदर घाईघाईने म्हणाला. "एक खोली, एक पलंग, चहा आणि टोस्ट. बाकी पोरगा बाहेर खातो."

मी आयव्ही सग्डनच्या शेजारीच बसलो होतो, मांडीवरच्या पर्सवर तिच्या मुठी आवळलेल्या मला दिसत होत्या. आमची दोघांची घरं एका भिंतीची. मी बस चालवायचो, ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती, आता दोघंही घरी बसलोय. आदल्या दिवशी ती कुंपणावरून म्हणाली होती, "विल्फ, उद्या लीगच्या चौकशीला तू चल माझ्यासोबत. त्या टायवाल्यांच्यात मी एकटी नाय बसणार." म्हणून मी गेलो. नसतो गेलो तर बरं झालं असतं, निदान रक्तदाब तरी वाढला नसता.

भानगड अशी होती. आमच्या रग्बीच्या लीगचा नियम आहे की खेळाडूंवर कुठल्याही क्लबने वर्षाला अमुक एका रकमेपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. नाहीतर पैसेवाले क्लब सगळे चांगले गडी उचलून नेतील. नियम चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्याच नियमाच्या पोटात आणखी एक ओळ आहे. पगाराशिवाय खेळाडूला जे जे मिळतं, घर, गाडी, जेवण, त्याचीही किंमत लावून ती मोजायची. आमचा क्रॅगथॉर्प क्लब त्या मर्यादेला अगदी टेकून चाललेला. आणि डोंगरापलीकडच्या एल्मरॉइड क्लबने तक्रार ठोकली की आमचा पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांचा गडी सेमिसी तीन वर्षं एका बाईकडे फुकट राहतो आणि फुकट जेवतो, ते मोजा. ती बाई म्हणजे आयव्ही. आणि तक्रारीवर सही करणारा एल्मरॉइडचा सेक्रेटरी म्हणजे हा क्लाइव्ह.

वर येताना जिन्यातच क्रॉदरने आयव्हीला बजावलं होतं, "आयव्ही, तू फक्त मान हलव. चहा-टोस्ट धरून आपण मर्यादेच्या आत बसतो. जेमतेम बसतो, पण बसतो." खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं. तरी सेमिसीसाठी ती कबूल झाली.

टेबलाच्या टोकाला लीगची मिस फेन्विक लॅपटॉप उघडून बसली होती. मुलगी सभ्य होती. तिने विचारलं, "मिसेस सग्डन, हे बरोबर आहे?"

आयव्हीने मान हलवली. क्रॉदरने श्वास सोडला. तेवढ्यावर सगळं संपलं असतं.

पण क्लाइव्ह खुर्चीत मागे रेलला. "लिहून घ्या, मिस फेन्विक, लिहून घ्या. मला पटतं हे. पोरगा असताना मीही दोन वर्षं दर रविवारी या बाईंच्या घरी जेवायला होतो. तेव्हासुद्धा हात राखूनच वाढायच्या. पानावरून उठताना पोटात जागा शिल्लक असायची, एवढं मला चांगलं आठवतंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा क्लाइव्ह एकेकाळी आमच्याकडून खेळायचा, आयव्हीच्या नवऱ्याच्या, केनच्या, खांद्याला खांदा लावून. त्याची आई वारली तेव्हा केन त्याला हाताला धरून घरी घेऊन आला आणि आयव्हीने त्याला पोटच्या पोरासारखं वाढलं. जेवल्यावर त्याला खुर्चीतून उठवत नसे, सदऱ्याचं बटण सोडून तिथेच घोरायचा. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ पाहिले, पण वासे मोजून वर ते पोकळ आहेत म्हणून सांगणारा हा पहिलाच.

आणि तो मूर्ख नव्हता. आमच्याकडच्या बाईला चोर म्हणा, चेटकीण म्हणा, ती हसून सोडून देईल. तिच्या ताटाला नाव ठेवलंत की संपलं. हे त्याला आमच्याइतकंच ठाऊक होतं.

"काय म्हणालास?" आयव्ही उठून उभी राहिली.

"आयव्ही," क्रॉदर म्हणाला.

"तुम्ही गप बसा! हात राखून? मी? लिही गं मुली, लिही. सकाळी सहा अंडी, डुकराच्या मांसाच्या पट्ट्या, भाजलेले टमाटे, रक्ताचं काळं पुडिंग. दुपारी डबा. रात्री मांसाची पाई, ती कापून नाय, अख्खी. रविवारी भाजलेलं मांस, बटाटे, यॉर्कशायर पुडिंग, वर ग्रेव्ही, आणि मागून गोडाला रुबार्ब. त्याला घरची आठवण यायची म्हणून लीड्सच्या बाजारातून अळकुड्या आणते, दोन बस बदलून. अळूची पानं मिळाली नाय तर त्यांच्याकडची भाजी पालकात करते, नारळाचं दूध घालून. त्याच्या पाद्र्याकडून शिकले मी ते!"

टेबलाखाली क्रॉदरने तिला लाथ मारली. ती मला लागली.

"थंडीत त्याच्याकडं कोट नव्हता, केनचा दिला. तो पाठीत बसेना म्हणून उसवून कापड जोडलं. आणि शर्ट मी धुते त्याचा! सामना संपला की कठड्यावरून माझ्या हातात देतो. परगावच्या पोराचा शर्ट ज्या घरात तो राहतो त्या घरची बाई धुते, ही इथली रीत आहे. तुझासुद्धा धुतलाय, क्लाइव्ह ब्रियरली, रक्ताचे डाग चोळून चोळून. हात राखून म्हणे!"

खोलीत फक्त लॅपटॉपचा टकटक आवाज येत होता. मिस फेन्विक लिहीत होती. पोरीची काय चूक? तिला तेच काम होतं. पाईला किंमत लावली, अळकुड्यांना लावली, धुण्याला लावली. केनच्या कोटापाशी मात्र ती थांबली. "हा... जुना होता ना?" तिने हळूच विचारलं.

तेव्हा आयव्हीच्या लक्षात आलं. ती मटकन खाली बसली.

आम्ही मर्यादेच्या वर गेलो. फार नाही गेलो, पण बुडायला फार पाणी लागतं असं नाही.

बाहेर जिन्यात तिने क्लाइव्हला गाठलं. मला वाटलं आता पर्स घालते डोक्यात.

"तुला माहीत होतं मी तोंड उघडणार," ती म्हणाली.

"माहीत होतं," क्लाइव्ह म्हणाला. त्याने नजर वळवली नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगतो. "आयव्ही, आमच्या गावात आता अशी बाई उरली नाय. पोरांना आम्ही फ्लॅट भाड्यानं घेऊन देतो, आचारी ठेवतो. ते सगळं पै न् पै मोजतात. त्यापायी गेल्या साली दोन चांगले गडी सोडले मी. मग तुमचं प्रेम तेवढं का मोजायचं नाय?"

"प्रेमबीम काय नाय," आयव्ही म्हणाली. "जेवण होतं ते."

लीगने मुदत दिली. महिनाअखेरपर्यंत मर्यादेच्या आत या, नाहीतर गुण कापू. आम्ही तळापासून दुसरे. गुण कापले असते तर लीगच्या खालच्या गटात गेलो असतो. क्रॉदरने सर्वांत सोपं काम केलं, सेमिसीला सोडलं.

क्रॉदरचा माझ्याइतका राग आमच्या गल्लीत कोणी केला नसेल. माणूस टायर विकतो, वागतोही तसाच, गुळगुळीत झालं की फेकून द्यायचं. त्या पोराने आमच्यासाठी दोनदा नाक मोडून घेतलं होतं.

निघायच्या दिवशी सेमिसी बॅग घेऊन आयव्हीच्या दारात उभा राहिला. तो दारात उभा राहिला की घरात अंधार व्हायचा. "मावशी," तो म्हणाला, "मला जायचं नव्हतं."

"माहितेय. चौकट सांभाळ, डोकं आपटेल," आयव्ही म्हणाली. तो पहिल्यांदा आला तेव्हाही ती हेच म्हणाली होती.

त्याच आठवड्यात बातमी आली की सेमिसीने एल्मरॉइडशी करार केला. आधी दोन गडी सोडल्यामुळे त्यांच्या मर्यादेत जागा होती! मी पेपर फेकून दिला. मग उचलून पुन्हा वाचला आणि पुन्हा फेकला. पोराला मी दोष देत नाही. टोंगाला घर त्याच्या पैशावर चालतं. पण क्लाइव्हला मी त्या दिवशी ज्या शिव्या दिल्या त्या माझ्या बायकोनेही कधी ऐकल्या नव्हत्या. लग्न होऊन चव्वेचाळीस वर्षं झालीत.

आणि गावाने राग कुणावर काढावा? क्लाइव्ह डोंगरापलीकडे, क्रॉदरच्या घराला फाटक. हाताशी होती आयव्ही. "बाईला तोंड आवरलं नाय," असं बेकरीच्या रांगेत तिला ऐकू जाईल अशा बेताने बोललं जायचं. ज्यांच्या पोरांना तिने शाळेत वाढलं होतं तीच माणसं. मग कोणीतरी रोज सकाळी तिच्या पायरीवर टोस्ट ठेवायला लागलं. एक तुकडा, काळा करपवलेला. मी दोनदा पहाटे उठून पाळत ठेवली, सापडला नाही. सापडला असता तर माझ्यावर खटला झाला असता.

आयव्ही तो टोस्ट उचलायची, चुरायची आणि पाखरांना घालायची. "वाया कशाला घालवा," म्हणायची. सामन्यांनाही यायची, कठड्यापाशी तिच्या नेहमीच्या जागेवर. तिच्या दोन्ही बाजूंना आता हातभर जागा मोकळी राहायची. एका बाजूला मी जाऊन उभा राहायला लागलो, पण मी काही फार रुंद नाही.

सप्टेंबरात एल्मरॉइड आमच्या मैदानावर आलं. सेमिसी त्यांच्या पिवळ्याधमक शर्टात. आमच्या लोकांनी त्याला पहिल्या मिनिटापासून असल्या शिव्या घातल्या की मला माझ्या गावाची लाज वाटली. तो मान खाली घालून खेळला. आमचे तीन गडी अंगावर घेऊन चेंडूसकट रेषेपार पडला, गुण त्यांना मिळाले आणि आम्ही हरलो.

शिटी झाली. त्यांची पोरं पाहुण्या प्रेक्षकांकडे नाचत गेली. सेमिसी मात्र उलट्या बाजूला, सरळ आमच्या कठड्याकडे चालत आला. शिव्यांचा आवाज वाढला, कोणीतरी पेला भिरकावला. तो आयव्हीसमोर थांबला आणि तिथेच त्याने शर्ट डोक्यावरून ओढून काढला. चिखलाने आणि रक्ताने माखलेला, शत्रूच्या रंगाचा. त्याने तो दोन्ही हातांनी पुढे धरला.

"मावशी," तो म्हणाला, "धुशील?"

सगळा स्टँड बघत होता. आयव्हीने शर्ट घेतला, घडी घालून काखेत मारला.

"बारीक झालास," ती म्हणाली. "जा आत, गारठा आहे."

सोमवारी सकाळी तो शर्ट आमच्या मागच्या गल्लीत दोरीवर लागला. आमच्याकडे दोऱ्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, गल्लीच्या मधोमध. ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला पिवळ्या शर्टाखालून वाकून जावं लागत होतं. समोरची मॉरीन दारातून ओरडली, "आयव्ही, अगं ते आत घे! लोक काय म्हणतील?"

"वाळला की घेते."

त्या आठवड्यात पाऊस भुरभुरतच होता. शर्ट वाळला नाही आणि तिने तो आत घेतला नाही. पायरीवरचा टोस्ट मात्र बंद झाला. का, ते मला माहीत नाही.

शुक्रवारी क्लाइव्ह आला. मी आयव्हीच्या स्वयंपाकघरात गळका नळ बघत होतो. तो मागच्या दाराने आला, पूर्वी यायचा तसाच, आणि ओल्या शर्टाखालून वाकताना त्याचा चष्मा भिजला.

"आयव्ही, तो शर्ट क्लबचा आहे," तो म्हणाला. "उद्या सामना आहे. मला तो नेला पाहिजे."

"ओला आहे अजून. बस." तिने केनच्या रिकाम्या खुर्चीशेजारची खुर्ची ओढली. ती पूर्वीपासून क्लाइव्हचीच होती.

ओव्हनमध्ये पाई होती. वास असा सुटला होता की नळाखाली पडल्या पडल्या माझ्या तोंडाला पाणी सुटलं. क्लाइव्हने ओव्हनकडे पाहिलं. तो बसला आणि त्याने कोटाचं बटण सोडलं.

आयव्हीने त्याच्यापुढे बशी ठेवली. बशीत टोस्टचा एक तुकडा. शेजारी चहा.

"एवढंच वाढते मी," ती म्हणाली. "लिहून घेतलंयस ना?"

क्लाइव्हचा चेहरा लाल झाला. मला वाटलं उठून जाईल. तो उठला नाही. त्याने टोस्ट उचलला आणि खाल्ला, कडेपर्यंत सगळा. पानात टाकायचं नाही हे तिनेच त्याला शिकवलं होतं. त्याला फार वेळ लागला.

"पोरगा नीट जेवत नाय गं," शेवटी तो बशीकडे बघत म्हणाला. "आचारी सांगतो, अर्धं ताट परत येतं. तू जर... क्लब पैसे देईल, आयव्ही. रीतसर."

आयव्हीने त्याच्यापुढची बशी उचलली. माझ्यासमोर ती केनच्या मयतालासुद्धा रडली नव्हती, आणि आताही रडली नाही.

"त्याला सांग, रविवारी ये म्हणावं," ती म्हणाली. "पैसे घेऊन तू येऊ नकोस. तुला काय मोजायचं असेल ते बाहेर गल्लीत उभा राहून मोज."

क्लाइव्ह उठला. दारापाशी थांबून त्याने दोरीकडे हात केला. "आणि शर्ट?"

"ज्याचा आहे तो नेईल."

तो वाकून शर्टाखालून गेला, रिकाम्या हातांनी. आयव्हीने त्याची बशी दारात झटकली, दोन चिमण्या खाली उतरल्या. मग तिने ओव्हन उघडून पाई बघितली, आणि रविवारसाठी अळकुड्या आणायला लीड्सची बस किती वाजता असते ते मला विचारलं.