हेडमास्तर हाकेला येत नाहीत

मित्रांनो, जगातली निम्मी शिस्त आमच्या घराण्याच्या पोटातून निघाली आहे. आमच्या एका फुंकरीवर पलटणी थांबल्या, सामने संपले, आगगाड्या सुटल्या. मी स्वतः मात्र पी.टी.च्या मास्तरांची एक जुनी पितळी शिट्टी आहे. वजनाने सुपारीएवढी. पोटात बुद्धीच्या जागी बुचाची एक गोळी आहे.

एकतीस वर्षं मी शाळेच्या मैदानावर वाजले. एक फुंकर, की सहाशे मुलं रांगेत. मास्तरांचा नियम एकच होता : रांगेकडे पाठ करायची नाही. पाठ केली की रांग संपली. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ते पाहुणे मोजल्यासारखे उभे आहेत. निवृत्तीच्या दिवशी भाषणांतून माझं फार कौतुक झालं आणि दुसऱ्या दिवशी मी दाराजवळच्या खिळ्यावर लटकले.

मग काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, एक हस्की कुत्रा आणला. बर्फावर गाड्या ओढणाऱ्यांची ही जात. दिवसभर पळूनही दमत नाही. सगळीकडे फिरतो, कोणाचं ऐकत नाही आणि जेवणाची वेळ चुकवत नाही, म्हणून काकूंनी त्याचं नाव ठेवलं हेडमास्तर.

"अगं, जन्मभर एकाचा जाच सोसला," मास्तर म्हणाले, "आता घरातही?"

संध्याकाळी काकू त्याला कुंपणाच्या मैदानात मोकळा सोडत. परतायच्या वेळी त्या सरळ पाठ फिरवत, "आम्ही चाललो हं!" म्हणत आणि फाटकाजवळच्या मोडक्या बाकाकडे चालू लागत. हेडमास्तर वाऱ्यासारखा मागून येई. मग बिस्किटाचा तुकडा, कानामागे खाजवणं, आणि बहुतेक वेळा पुन्हा, "जा, पळ!"

"हे शिकवणं नव्हे, नुसते लाड," मास्तर म्हणत.

थंडीत काकू आजारी पडल्या आणि आठवड्यात गेल्या. कुत्रा उरला, त्यांची खुर्ची उरली.

खिडकीतून वारा आला की खिळ्यावर मी आपोआप बारीक वाजते. त्यात भुताटकी काही नाही, आठवीचं विज्ञान आहे. पण तेवढ्याने हेडमास्तर मान उचलायचा आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहायचा. शेपूट हळूच हलायची. वर्तमानपत्राआडून मास्तरही बघायचे. मग दोघंही, काही झालंच नाही असा चेहरा करून बसायचे.

पुढे एकदा हेडमास्तर फाटकातून निसटला. दुधाची गाडी त्याच्यापासून वीतभरावर थांबली. त्या दिवशी मास्तरांचा मुलगा पहिल्यांदा आवाज चढवून बोलला.

"बाबा, महिनाअखेरपर्यंत हा हाकेला आला नाही, तर शेतावरच्या माणसाला देऊन टाकणार."

"तुझ्या आईचा कुत्रा आहे तो."

"म्हणूनच म्हणतोय. गाडीखाली गेलेला बघवेल तुम्हाला?"

मास्तरांनी मला खिळ्यावरून काढलं. रोज मैदानात मी जीव तोडून वाजायचे. हेडमास्तर लांबून बघायचा आणि उलट दिशेला पळायचा. मास्तर मागे धावायचे. कुत्र्याला वाटायचं, म्हातारा खेळात आला! शेवटी कुत्री शिकवणाऱ्या बाईंना बोलावलं.

"मास्तर, शिट्टी कधी वाजवता?"

"घरी न्यायच्या वेळी. आणखी कधी वाजवणार?"

"मग तो कशाला येईल? तुमची शिट्टी म्हणजे त्याला शाळा भरायची घंटा झालीय. दहादा बोलवा, नऊदा परत खेळायला सोडा. आणि मागे धावू नका. पाठ फिरवा, चालू लागा."

"पाठ?" मास्तरांचा चेहरा, भर मैदानात शर्ट उतरवायला सांगितल्यासारखा झाला.

"ही जात बिनडोक नाही हो. याला हुकूम कळतो, पटत नाही एवढंच. पुढे बर्फ पातळ असला, तर गाडीवाला कितीही ओरडो, हा पाऊल टाकायचा नाही."

मास्तरांना ते पटलं, पण एकतीस वर्षांची मान वळेना. ते पुन्हा शिट्टीच फुंकत राहिले.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. मुलगा साखळी घेऊन फाटकाशी उभा. मास्तरांनी मला तीनदा फुंकलं. हेडमास्तर मैदानाच्या पार टोकाला जाऊन बसला आणि त्यानेच आमच्याकडे पाठ केली.

मास्तरांनी मला ओठातून सोडलं. मी त्यांच्या छातीवर आपटले आणि तिथली धडधड मला ऐकू आली. ते वळले.

"चाललो हं."

काहीच झालं नाही. मास्तरांनी घसा खाकरला. मग त्यांनी तो शब्द उच्चारला, जो काकू गेल्यापासून त्यांच्या तोंडून निघाला नव्हता.

"आम्ही चाललो हं!"

आणि ते एकटेच चालू लागले. मागून नखांचा आवाज आला. हेडमास्तर सुसाट आला, मास्तरांना ओलांडून गेला आणि मोडक्या बाकाशी थांबला. मान तिरकी, डोळे मिटलेले. कोणीतरी कानामागे खाजवत असावं तसा. बाकावर कोणी नव्हतं. मग तो मास्तरांच्या पायाशी येऊन बसला. मास्तरांनी बिस्कीट दिलं आणि म्हणाले, "जा, पळ!"

"अहो बाबा, आला ना, मग सोडताय काय?"

"थांब रे. अजून आठदा सोडायचाय."

मुलाने साखळी खिशात टाकली आणि बराच वेळ तो बाकाकडे बघत राहिला.

तेव्हापासून बाहेर पडताना मी मास्तरांच्या खिशात, बिस्किटांच्या सोबतीला असते आणि घरी आल्यावर खिळ्यावर. मित्रांनो, हाक मारून ज्याला दर वेळी बांधता, तो हाकेलाच घाबरू लागतो. आणि जो हाकेला येतो, त्याला पुन्हा पळू द्या. एवढंच मला एकतीस वर्षांत कळलं नव्हतं.

आता एक छोटीशी विनंती. महिना झाला, बिस्किटाचा एक तुकडा माझ्या पोटात अडकला आहे. गोळी हलत नाही, वाऱ्याने आवाज निघत नाही. तरीही परवा संध्याकाळी हेडमास्तरने मान उचलली, खुर्चीकडे बघून शेपूट हलवली आणि मास्तर हळूच म्हणाले, "शिट्टी वाजली वाटतं."

शपथेवर सांगते, मी वाजले नव्हते.

तेव्हा कोणीतरी टाचणीने तेवढा तुकडा काढा. पुढच्या वेळी निदान नाव तरी माझं घेता येईल.