डाव्या दिव्याजवळची फट

थोरल्याला गाडीतले काही कळत नसे. त्याला कळत ते दात. एकवीस वर्षे तो दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवत होता, आणि दवाखान्यांतून आलेले ठसे नुसते हातात घेऊन, माणूस कोणत्या बाजूने चावतो, नखे कुरतडतो का, झोपेत दात खातो का, हे त्या माणसाला न भेटता सांगू शकत असे.

गाडी धाकट्याची होती. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी धाकटा "आलोच" म्हणून पायीच बाहेर पडला आणि आला नाही. गाडी दारातल्या शेडखाली उभी राहिली आणि पुढे थोरला भाऊच ती वापरू लागला. आता तिसऱ्यांदा उंदरांनी तिच्या वायरी कुरतडल्या होत्या.

"डॉक्टर, मी काय, दर महिन्याला जोडून देईन," मेकॅनिक बॉनेटखालून मान बाहेर काढत म्हणाला. "पण ही फट बघा केवढी! उंदीर काय, उंदरांचं अख्खं वऱ्हाड जाईल आत."

"मी डॉक्टर नाही."

"दातवाले सगळे डॉक्टरच. घरच्या घरी करा, कडेनं रबरी पट्टी चिकटवायची. फक्त जाडी मापून घ्या हां. जाड झाली तर बॉनेट लागायचं नाही, पातळ झाली तर पाहुणे पुन्हा हजर. फटीत मळलेल्या मातीच्या गोळ्या ठेवा, बॉनेट दाबा, उघडा, किती चेपल्या बघा. तेवढी पट्टी."

थोरल्याला यात शिकण्यासारखे काही नव्हते. वरचा जबडा, खालचा जबडा, मधे मेण. दिवसभर तो दुसरे करत काय होता? रविवारी सकाळी प्रयोगशाळेतल्या गुलाबी मेणाचे बोटभर लांबीचे दहा तुकडे कोमट पाण्यात मऊ करून त्याने ते गाडीच्या कडेने ठेवले आणि दोन्ही तळहातांनी बॉनेट खाली दाबले. काम हाताशी होते ते बरेच होते, कारण शुक्रवारी तपास अधिकाऱ्याचा पुन्हा फोन आला होता.

"तो साचा सापडला का?"

"शोधतोय."

"हे बघा, आम्ही मंगळवारपर्यंत थांबू शकतो. त्यानंतर त्या देहाचं बेवारस म्हणून जे करतात ते करावं लागेल. तुमचा भाऊ असेल तर तुम्हाला कळायला नको? आईंना कळायला नको?"

बंद पडलेल्या दगडखाणीच्या पाण्यात एक देह सापडला होता, ओळखण्याजोगे म्हणाल तर दातच उरलेला. धाकटा झोपेत इतके करकरा दात खायचा, की थोरल्याने त्याच्या दातांवर बसवायला एक टोपण घडवून दिले होते. त्यासाठी घेतलेला प्लास्टरचा साचा हरवला वगैरे काही नव्हता, थोरल्याच्याच कपाटात कपड्यांमागे होता. तो दिला आणि जुळला, तर आईचे वाट पाहणे संपणार होते. आणि आई दोन वर्षे त्यावरच तर जगत होती. या काळात ती एक रात्रही दुसरीकडे राहिली नव्हती. पोरगा आला आणि घर बंद असले तर?

त्याने बॉनेट उघडले. नऊ तुकड्यांवर पत्र्याची सरळ, स्वच्छ खाच उमटली होती. दहाव्यावर, डाव्या दिव्याजवळच्या, दात उमटले होते.

उंदराचे नव्हते. पटाशीचे चार, त्यांतल्या एकाचा टवका उडालेला, आणि शेजारी आतल्या बाजूला वळलेला सुळा.

त्याला काही वाटले नाही. गेली दोन वर्षे त्याला कशाचेच काही वाटत नसे. दाढ काढण्याआधी सुई टोचली की गाल जसा आपला असून आपला नसतो, तसा तो स्वतःलाच परका झाला होता. त्याने नवा तुकडा मऊ करून तिथेच ठेवला, बॉनेट दाबले, मनात वीस मोजले, उघडले. पुन्हा तेच दात. या वेळी चावा अधिक खोल होता.

मग तो आत गेला, दार लोटून घेतले आणि साचा काढून मेणाशेजारी ठेवला. टवका जुळला, सुळ्याचा वळसा जुळला. फक्त एक गोष्ट वेगळी होती. साच्यातल्या सुळ्याचे टोक अणकुचीदार होते आणि मेणातल्या सुळ्याचे सपाट झाले होते, जेमतेम दाण्याइतके. भिंग लावून तो बराच वेळ त्या सपाटीकडे पाहत राहिला. दात खाणाऱ्या माणसाचा सुळा इतका झिजायला किती काळ लागतो, हे त्याला कोणाला विचारायची गरज नव्हती. दोन वर्षे. आणि मेलेल्या माणसाचे दात झिजत नाहीत. म्हणजे खाणीतला देह त्याचा नव्हता, साचा दिला तरी जुळणार नव्हता.

"काय करतोयस रे आत?" आईने बाहेरून विचारले.

"पट्टीची जाडी बघतोय."

"बघ बाबा. उंदरांनी नुसता उच्छाद मांडलाय."

सोमवारी त्याने साचा नेऊन दिला. मेण खिशात होते. कचेरीत तीन टेबलांवर त्याला तीनदा धाकट्याशी असलेले नाते विचारले, तीनदा त्याने 'भाऊ' लिहिले, आणि खिशातले काढून समोर ठेवावे असा एकाही टेबलावरचा माणूस त्याला दिसला नाही.

मंगळवारी दुपारी फोन आला. जुळले होते.

"वाईट वाटतं," अधिकारी म्हणाला. "घरातून गेले त्याच सुमाराला झालं असावं, असं आमचे दातांचे डॉक्टर म्हणतात."

"सुळ्याचं टोक कसं आहे?"

"काय?"

"उजवा सुळा. झिजलाय का?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "नाही. टोकदार आहे, साच्यासारखाच. असं लिहिलंय इथे."

"बरं," थोरला म्हणाला.

रबरी पट्टी सकाळीच आणून ठेवली होती. त्याने गाडीची कड स्पिरिटने पुसली, पट्टीमागचा कागद वीत वीत सोलत ती अंगठ्याने दाबत नेली, कोपऱ्यांवर न ताणता वळवली, आणि डाव्या दिव्याजवळचा भाग सगळ्यांत शेवटी चिकटवला. बॉनेट मऊ आवाज करून बसले. काम चोख झाले होते. तरी सवयीप्रमाणे त्याने खात्री करून घ्यायची ठरवली: कवळीचा दातावर दात बसतो का हे पाहायला मधे पातळ कागद धरून ओढतात, तसा कागदाचा एक लांब तुकडा जागोजागी फटीत अडकवून तो ओढू लागला. सगळीकडे कागद थोडा अडला आणि निघाला. डाव्या दिव्याजवळ निघाला नाही.

आई दारात येऊन उभी राहिली. हात ती पदराला पुसत होती, आणि ते कधीचेच कोरडे झाले होते.

"मघाशी त्यांचाच फोन होता ना?"

"हो."

"मग सांग की. किती वेळ त्या गाडीत डोकं घालून बसशील?"

जुळले नाही म्हटले तर ती आत जाऊन धाकट्याच्याही वाटणीचा भात टाकणार होती, आणखी दोन वर्षे, आणखी दहा वर्षे. खिशातले मेण उन्हाने मऊ होऊन मांडीला चिकटत होते.

"जुळलं, आई," तो म्हणाला. "तोच आहे."

आईने चौकट धरली. चौकटीवरचा तिचा हात हळूहळू घसरत खाली आला. मग, शेजारी कोणाला ऐकू जाऊ नये तशा आवाजात, ती म्हणाली, "थंडीचे दिवस होते रे. पाणी गार असेल," आणि आत वळली.

त्याच्या चिमटीतला कागद हलला. आधी केसभर, मग बोटभर. घाई नव्हती, हिसका नव्हता. नव्या रबराखालून तो सरळ, संथपणे आत जात राहिला, आणि थोरल्याची बोटे पट्टीला टेकली, तरी त्याने आपले टोक सोडले नाही.