धाकटीचा घण

सख्ख्या बहिणीला भेटायला मला तिकीट काढावं लागायचं. तिच्या नवऱ्याने आम्हा माहेरच्यांना दार बंद केलं होतं, तिचा फोनही काढून घेतला होता. पण दोघं कामाला होती जुन्या खेड्याच्या संग्रहालयात, आणि तिथे आलेल्या माणसाला तो कसा अडवणार? कुठून कुठून उचलून आणलेली घरं, गोठा, पाणचक्की, सगळं एका माळावर मांडलेलं. त्यातल्या लोहाराच्या झोपडीत हा लोहार आणि आमची धाकटी त्याची लोहारीण.

त्या दिवशी मी ठरवूनच गेले होते, हिला घेतल्याशिवाय परतायचं नाही. फाटकाबाहेर गाडी उभी करून ठेवली होती.

"बघा मंडळी, पूर्वी बायका अशा कामाला जुंपायचे. आता बोलायची सोय नाही!" तो म्हणाला, आणि दोरीपलीकडची माणसं फिदीफिदी हसली. असल्यांच्या दातांची मला फार चीड आहे. डाव्या हातातल्या सांडशीने त्याने लालभडक लोखंड ऐरणीवर धरलं आणि उजव्या हातातली हातोडी त्यावर टेकवली. तो हातोडी टेकवेल तिथे तिने घण घालायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी त्यांच्या कामाची रीत.

तेवढ्यात धाकटीने मला पाहिलं. घण घसरून ऐरणीच्या कडेवर आदळला.

त्याने वळून बघितलं. मी दिसताच हसत हसत त्याने ते लोखंड तिच्या दंडाला लावलं. चर्र झालं. ती ओठ चावून उभी राहिली. लोकांना वाटलं, हाही खेळच.

माझं डोकं फिरलं. दोरी ओलांडून मी त्याच्या अंगावर धावले. "सोड तिला, मेल्या!" त्याने कोपर असं हाणलं की माझा पुढचा दात तुटला, तोंड रक्ताने भरलं आणि मी भिंतीशी कोसळले.

"चल, काम कर," तो तिला म्हणाला आणि हातोडी ऐरणीवर आपटली.

तिने घण उचलला आणि सगळं बळ लावून त्याच्या सांडशीवाल्या मनगटावर घातला. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग तो गुरासारखा ओरडत गुडघ्यांवर बसला आणि टाळ्या थांबल्या. एक बाई पोराला उचलून पळाली.

मी कशीबशी उठले. मला भीती वाटत होती आणि, खरं सांगते, आनंदही होत होता. "धाकटे, बाहेर गाडी आहे. पळ."

ती जागची हलली नाही. घण पुन्हा खांद्यावर घेतला.

"एक हात शाबूत राहिला तर हा मला परत ओढून नेईल, ताई. तो दुसरा ऐरणीवर धर."

"नको, पाया पडतो," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

मी त्याच्या पाठीत गुडघा रोवला आणि हात धरला.