टोपणनावाचा रकाना

मला टीव्हीवरचे गाण्याचे कार्यक्रम आवडत न्हाईत असं कुणी म्हणू नका. शनवार-रविवार भाकऱ्या थापून झाल्या की मी पहिली टीव्हीपुढं. कोण गाणार, कोण घरी जाणार, म्हणून पदर तोंडाला लावून रडलेली बाई हाय मी. गेल्या साली एका रिक्षावाल्याच्या पोरीसाठी घरातल्या सगळ्या मोबाईलवरनं मतं टाकली, शेजारच्या खुर्शिदभाभीचा पण मोबाईल मागून आणला. ही माणसं रडवतात कशी, ते तवा ठाऊक नव्हतं. आता झालंय, आन् डोकं फिरलंय माझं.

स्नेहल आमची तिसरी लेक. तिच्या पाठीवर सत्यजीत. स्नेहलचा गळा असा, की ती धारेच्या वक्ताला गायला लागली तर गायसुद्धा लाथ मारत न्हाई. न्हावऱ्यावरनं यष्टीनं दौंडला जाऊन तीन वर्षं गाणं शिकली. पुण्यात टीव्हीच्या कार्यक्रमाला निवड झाली, पहिल्या पंधरात आली. मग एक दिवस फोन आला. "तुमच्या घरी येऊन स्नेहलची स्टोरी शूट करायचीय. पुढची फेरी बरीचशी स्टोरीवरच ठरते."

मी म्हणलं, "गाण्यावर न्हाई व्हय?"

"गाणं तर आहेच हो काकू," पलीकडची पोरगी म्हणली.

मंगळवारी दोन गाड्या भरून माणसं आली. डायरेक्टर गाडीतनं उतरला, आमचं स्लॅबचं घर बघितलं आन् तोंड पाडून उभा राहिला. म्हणला, "काकू, हे तुमचंच घर?"

"मग काय शेजाऱ्याचं?"

"नाही, म्हणजे... जुनं काही नाहीये का?"

जुनं म्हणून आमच्याकडं कांद्याची चाळ हाय. त्यानं ती बघितली आन् गडी खूश झाला. अहो, तासाभरात कांदे एका अंगाला सारून त्यांनी आमचा संसार चाळीत मांडला! तीन दगडांची चूल केली. स्नेहलला सत्यजीतच्या शाळेच्या शर्टावर जुना परकर घालाय लावला आन् फुकारी हातात दिली. जन्मात गॅसशिवाय चहा केला न्हाई पोरीनं. ती उलट्या बाजूनं फुकाय लागली. डायरेक्टर मालकांना म्हणला, "तुम्ही आभाळाकडं बघा." आमचे मालक मच्छिंद्रराव, डेअरीचे सेक्रेटरी. ते म्हणले, "आभाळात काय हाय?" तो म्हणला, "काही नाही, फक्त बघा." अर्धा तास बघत बसला बाबा. मान आखडली ती अजून सुटली न्हाई.

हे सगळं मी सोसलं. पोरीचं भलं व्हतंय तर व्हऊ दे, म्हणलं. दुपारी डायरेक्टरनं कागद काढला आन् म्हणला, "आता मेन पार्ट. नकुशी."

हे नाव त्यांना कुठनं कळलं, ते ऐका.

निवडीच्या वक्ताला फॉर्म भरून घेतला व्हता. त्यात एक रकाना, टोपणनाव. आमच्या शहाणीनं सरळ लिहिलं, नकुशी. वाडीतली जुनी माणसं अजून हाक मारतात तशी, म्हणून लिहिलं. कुणी 'पिंकी' लिहितं, कुणी 'गोलू', हिनं हे. आन् त्या लोकांना तर गाण्यापरीस तेच गोड लागलं.

"नको झालेली मुलगी आज महाराष्ट्राला हवीहवीशी," डायरेक्टर हात हवेत फिरवून म्हणला. "आजी, हे नाव तुम्हीच ठेवलं ना? तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, 'तिसरी पण पोरगीच झाली, म्हणून मी नकुशी नाव ठेवलं. चुकले मी.' मग नातीला जवळ घ्यायचं."

माझ्या सासूबाई, सरूबाई, ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आन् मान डोलवली. "म्हणते की," म्हणल्या.

आता खरं सांगते. नाव त्यांनी ठेवलं न्हाई. बारशाला बायका जमल्या, सासूबाई पाळण्यात वाकून 'स्नेहल' म्हणाय निघाल्या, तवा मीच म्हणलं, "नकुशी म्हणा. म्हंजी पुढचा तरी पोरगा व्हईल." दीड वर्षानं सत्यजीत झाला, आन् सगळा गाव म्हणला, नाव गुणाला आलं. पुढं शाळेत घालायची वेळ आली तवा तिथंबी तेच नाव लागंल, ह्याचं मला काही वाटत नव्हतं. सासूबाईच उठल्या, गुरुजींपुढं जाऊन बसल्या आन् स्नेहल नाव लिहवून आल्या. पोर मोठी झाल्यावर विचारायची, "आई, नकुशी कुणी ठेवलं गं?" मी म्हणायची, "जुनी माणसं, दुसरं कोण." त्या शेजारी गहू निवडत बसलेल्या असायच्या. एका शब्दानं बोलल्या न्हाईत कधी.

कॅमेरा लागला. सासूबाईंच्या लुगड्याला माईक टोचला. डायरेक्टर म्हणला, "आजी, चेहरा जरा कडक ठेवा. खाष्ट सासू." त्या म्हातारीनं कपाळाला आठ्या घालायचा प्रयत्न केला. जमंना तिला. तिनं तोंड उघडलं, "तिसरी पण पोरगीच झाली, म्हणून मी..."

"थांबा!" मी वरडले. "त्यांनी न्हाई ठेवलं. मी ठेवलं. मला नको व्हती ती. मी, आई हाय तिची, मला नको व्हती."

मग डायरेक्टरनं टाळी वाजवली. "काकू, कमाल! हे तर भारी आहे! फक्त मागून गाय हंबरली. परत एकदा घेऊ. सेम इमोशन."

अरे तुझ्या इमोशनला आग लागो!

स्नेहल फुकारी घेऊन तशीच उभी. तिनं हळूच विचारलं, "आई, खरंय का हे? का टीव्हीसाठी म्हणतीस?"

"टीव्हीसाठीच गं," सासूबाई घाईनं म्हणल्या. "आज समदं टीव्हीसाठीच चाललंय न्हवं का?"

सकाळपासनं इतकं खोटं झालं व्हतं, त्यात आणिक एक खपलं असतं. नुसती मान हलवायची व्हती मला.

"खरं हाय," मी म्हणलं. "टीव्हीसाठी न्हाई. शाळेत तुझं स्नेहल नाव यांनी घातलं. मी न्हाई."

स्नेहल सासूबाईंकडं वळली. "आजी, तू मला कधी बोलली का न्हाईस?"

"काय बोलायचं? माझ्यावर रुसलीस तर चालतंय. आईवर रुसून लेकीचं कसं व्हायचं?"

"काकू, रेडी?" डायरेक्टर म्हणला.

स्नेहलनं आजीच्या लुगड्याचा माईक काढला आन् त्याच्या हातात दिला. म्हणली, "हे नका घेऊ. घ्यायचंच तर आजीनं शाळेत माझं स्नेहल नाव घातलं, ते घ्या."

"छान आहे ते," तो डोकं खाजवत म्हणला, "पण मग स्टोरीत व्हिलन कोण?"

"व्हिलन हाय," स्नेहल म्हणली. माझ्याकडं बघितलं न्हाई तिनं. "पर ती माझी आई हाय. तिला टीव्हीत दाखवायचं न्हाई."