पेडलवरच्या पादुका

घोटीहून वैतरणेकडे निघालं की पहिली दमदार चढण लागते, तिथे गुरुवारी सकाळी रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी असत. एका हातात नारळ, दुसऱ्यात मोबाइल. खालून जुनी डिझेल पिकअप यायची, झेंडूच्या माळांत बुडालेली. स्टिअरिंगमागे पाऊलबाबा. दोन्ही पाय सीटवर घेऊन, मांडी घालून बसलेले. आणि गाडी चढतेय!

"पाय बघा, पाय!"

"वर हायेत रं!"

"मग गाडी कोण चालवतंय?"

"पाऊल! दुसरं कोण?"

हे झालं बाहेरच्यांचं. दोघा भाग्यवंतांना बाबा शेजारी बसवत. अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलवर तांब्याच्या चिमुकल्या पादुका बांधलेल्या होत्या. चढ लागला की त्या पादुका कोणी हात न लावता हळूहळू खाली जात आणि सपाटी आली की वर येत. हे पाहून उतरलेला माणूस पुढे आठवडाभर दुसरं काही बोलत नसे.

"भक्तांनो," बाबा माळा सारखी करत सांगत, "तुमचा भार वाढला की देव पाऊल जोरात टाकतो. परदेशचे शास्त्रज्ञ येऊन गेले. गाडीखाली झोपले, डोकी खाजवली, तीर्थ घेऊन परत गेले!" शास्त्रज्ञ कोणत्या देशाचे, हे विचारायला तीर्थाच्या रांगेत कोणाला सवड नव्हती. पादुका धुतलेलं पाणी पायाच्या दुखण्यावर रामबाण, असं आता ठरून गेलं होतं.

या सगळ्यात चढणीच्या पायथ्याशी, पहिल्या रांगेत शाल पांघरून बसायचा समाधान. नाशिकला मुंबई नाक्याजवळ गाड्यांचं वायरिंग करणारा. चमत्कार सुरू झाला की सगळे वर बघत आणि समाधान आपल्या चपला बघे.

कारण ते पाऊल त्यानेच बसवलं होतं.

बाबा तेव्हा नुसते संतोष होते, टोमॅटो वाहणारे. "दादा, हायवेला तासन्‌तास पेडल दाबून गुडघा गेला रे. नव्या गाड्यांना ते पेडल न दाबता वेग धरणारं क्रूझ का काय असतं, ते माझ्या या म्हाताऱ्या गाडीला बसव." समाधानने बसवलं. चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टवर लोहचुंबक चिकटवलं, शेजारी फेऱ्या मोजणारा सेन्सर. बॉनेटखाली मोटरची डबी. वेग ठरवून बटण दाबायचं. चढाला फेऱ्या कमी पडल्या की डबी तार ओढते, डिझेल वाढतं. ब्रेकला पाय लागला की तार सुटते. एवढंच. ती तार खरं तर इंजिनाच्या पंपाला जोडायची, पण त्यासाठी वेगळी पट्टी घडवावी लागते. संध्याकाळ झाली होती, कंटाळा आला होता. समाधानने ती सरळ पेडलच्या दांडीलाच अडकवली. मोटर तार ओढेल तेव्हा पेडलही आपोआप दबणार, हे त्याला दिसत होतं. चालतंय की, म्हणाला.

त्याच्या कंटाळ्याला संतोषने पादुका बांधल्या.

पहिल्याच गुरुवारी समाधान जाब विचारायला गेला, तर बाबांनी त्याला सगळ्यांसमोर मिठी मारली. "हा आमचा विश्वकर्मा!" शाल, नारळ, पहिल्या रांगेत जागा. पैसे खाल्ले की माणसाला निदान पोटात डाचतं. मान खाल्ला की ढेकरसुद्धा येत नाही. समाधान तीन महिने गप्प बसला.

मग एका बुधवारी, तीर्थाच्या रोजच्या रांगेत त्याला झुंबरबाई दिसली. त्याची मावशी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. तिच्या पायाला फडकं गुंडाळलेलं, जवळ जाताच वास आला.

"मावशे, साखरेच्या आजाराची जखम ही! ड्रेसिंग?"

"बंद केलं. तीर्थानं धुते. तू बसतोस ना पुढं शाल घेऊन? मी म्हटलं, आपला समाधान बसतो म्हंजी खोटं नसंल."

समाधानने तिला तसंच घोटीच्या डॉक्टर तृप्तींकडे नेलं. त्यांनी पाय पाहिला आणि आवाज खाली आणला. "दोन बोटं गेल्यातच जमा आहेत. दोन दिवसांत नाशिकला दाखल केलं नाही, तर पाय जाईल. कदाचित त्याहून जास्त."

झुंबरबाई चप्पल शोधू लागली. "पाय कापून घ्यायला मी येडी नाय. गुरुवारी बाबा बघतील."

गुरुवार दुसऱ्याच दिवशी होता. पिकअप चढणीखाली उभी होती, बाबांचं नामस्मरण चालू होतं. समाधानने शाल काढून सीटवर ठेवली आणि बॉनेट उघडलं.

"विश्वकर्मा, आज काय सेवा?" बाबा हसले, पण डोळे हसले नाहीत.

"मावशे, इकडं ये. इंजिन बंद हाय ना? ही तार धर. आता ओढ."

झुंबरबाईने ओढली. दारापाशी उभे असलेले ओरडले, "दबलं! पादुका खाली गेल्या!"

"आता सोड."

"वर आल्या!"

बाई आपल्या हाताकडे बघत राहिली. समाधानने डबी, चुंबक, बटण सगळं दाखवलं. माळेआड लपवलेलं बटण बघायला लोकांनी झेंडू ओरबाडला. बाबा कडाडले, "अरे मूर्खा, वीज तारेतूनच येते ना? तसा देव तारेतून येतो!"

"बरं," म्हणत समाधानने पक्कडीने तार तोडली. "आता चालवा मांडी घालून."

"आज योग नाही," बाबा म्हणाले. गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. पण एक म्हातारा समाधानच्या अंगावर धावून आला, "तूच केलंस, तूच मोडतोस?"

झुंबरबाईने हळूच विचारलं, "कवापासून म्हाईत व्हतं तुला?"

"पहिल्या गुरुवारपासून."

तिने वाकून पायाचं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, "गाडी बघ. दवाखान्यात तूच न्यायचं."

पाय वाचला. दोन बोटं गेली. पोलिसांतल्या तक्रारीवर पहिली सही समाधानची आहे, आणि आपण काय जोडलं हेही त्याने त्यात लिहून दिलंय. मावशी त्याच्या हातचं जेवते, पण ड्रेसिंगची वेळ झाली की त्याला बाहेर जायला सांगते.

आता कोणी अद्भुत काही सांगायला गॅरेजात आला, की समाधान हातातलं काम ठेवून ऐकतो आणि एवढंच म्हणतो: "डोळ्यांनी पाहिलंत, कबूल. पण पेडल दबलेलं पाहिलंत, दाबणारा पाहिला का? हात जोडण्याआधी बॉनेट उघडायला सांगा. उघडू देत नसेल, तर तिथून निघा आणि डॉक्टरकडे जा. आणि आत काय आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर त्याच दिवशी बोला. फसवणारा एकटा कोणाला फसवू शकत नाही. त्याला पहिल्या रांगेत गप्प बसणारा लागतो."